कप्पीत घर्षण असेल तर फ्री बॉडी डायग्राम कसा काढायचा

"सर, दोर एकच की. मग ताण दोन कुठून आले?"

न्यूटनच्या नियमांचा धडा निघाला की दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. बेळगावजवळच्या खानापूर, उचगाव, येळ्ळूर या बाजूच्या मराठी शाळांतून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) करून मुलं पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला येतात. वर्गात सगळं इंग्रजीत ऐकायचं आणि डोक्यात मराठीत जुळवायचं, अशी त्यांची पहिली सहा महिने ओढाताण चालते. त्यातून धीर करून विचारलेला हा प्रश्न असतो, आणि तो अगदी बरोबर असतो. पुस्तकातल्या पहिल्या दहा गणितांत दोरीच्या दोन्ही बाजूंना ताणासाठी एकच टी लिहिलेला असतो. अकराव्या गणितात कप्पीला वजन येतं, कण्यात (कप्पी ज्या दांड्यावर फिरते त्यात) घर्षण येतं, आणि कुणी काही न सांगता टी१ आणि टी२ असे दोन ताण उगवतात.

ताण दोन्हीकडे सारखा असणं हा निसर्गाचा नियम नाही, ती गणितात घातलेली सवलत आहे. कप्पी वजनाला नगण्य आहे आणि कण्यात घर्षण नाही, असं मानलं की ती सवलत मिळते. घर्षण आलं की ती काढून घ्यायची. म्हणजे फ्री बॉडी डायग्राम (एकेक वस्तू वेगळी काढून तिच्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) नेमका कसा काढायचा, कुठला बाण कुठे काढायचा, ते इथे सविस्तर सांगतो. सगळ्या गणितांत गुरुत्व त्वरण १० धरलंय, आकडे सुटसुटीत राहतात.

आधी रहाट

आमच्या घरामागे जांभ्यात खोदलेली विहीर आहे. तिच्यावर लोखंडी रहाट, म्हणजे पोहरा ओढायची कप्पी. शेजारच्या कन्नड घरात त्यालाच राटे म्हणायचे. उन्हाळ्यात रहाटाचा कणा कोरडा पडला की पाणी काढताना करकर असा आवाज गल्लीभर जायचा. आजी म्हणायची, "रहाट जड झालाय," आणि समईत उरलेलं तेल बोटाने कण्यावर सोडायची. दोन-चार फेऱ्यांत आवाज बंद, आणि पोहरा हलका.

पोहरा तोच, पाणी तेवढंच, दोर तोच. मग जड काय झालं होतं? पोहऱ्याच्या बाजूच्या दोरात ताण होता तेवढाच होता, पोहऱ्याच्या वजनाइतका. वाढला होता तो आजीच्या हातातल्या दोराचा ताण. दोन ताणांमधला तो फरक कण्याने खाल्ला होता. आजीच्या हाताला जे कळत होतं तेच आपल्याला बाणांनी दाखवायचं आहे.

घर्षण तीन जागी असू शकतं

पेन्सिल उचलायच्या आधी गणित वाचून एवढं ठरवा, की यातलं घर्षण नेमकं कुठलं. निम्म्या चुका इथेच होतात.

पहिली जागा म्हणजे ठोकळा आणि टेबल, किंवा ठोकळा आणि उतार. याचा कप्पीशी काही संबंध नाही. हे घर्षण ठोकळ्याच्या आकृतीत जातं आणि तिथेच राहतं. गणितात फक्त हेच घर्षण असेल आणि कप्पी आदर्श (वजन आणि घर्षण नसलेली) असेल, तर टी एकच लिहा. "घर्षण" हा शब्द दिसला म्हणून घाईने दोन ताण लिहू नका.

दुसरी जागा कणा. कप्पीचं भोक कण्यावर घासतं आणि फिरण्याला विरोध होतो. रहाट जड करतं ते हेच.

तिसरी जागा म्हणजे दोर आणि कप्पीची खोबणी. इथे गोंधळ सगळ्यात जास्त होतो, कारण हे घर्षण विरोधक वाटतं आणि बहुतेक वेळा असतं मदतनीस. दोर खोबणीला धरतो म्हणून तर कप्पी फिरते. खोबणी तुपासारखी गुळगुळीत असती तर दोर वरून घसरत गेला असता आणि कप्पी जागच्या जागी राहिली असती. "दोर घसरत नाही" असं वाक्य गणितात असेल तर हे घर्षण आहेच, फक्त स्थितिक (न घसरता धरून ठेवणारं) आहे, आणि त्यात ऊर्जा वाया जात नाही. कप्पी अडकलेली असेल किंवा कप्पीऐवजी नुसतं लाकूड असेल, तर दोर घसरतो. तो हिशेब पूर्ण वेगळा, त्याकडे पुढे येऊ.

कागदावर

प्रत्येक वस्तू वेगळी काढा. ठोकळा वेगळा, लटकतं वजन वेगळं, आणि कप्पीसुद्धा वेगळी. घर्षणाच्या गणितात कप्पी ही छताला लावलेली शोभा नव्हे, ती तिसरी वस्तू आहे. तिची स्वतंत्र आकृती हवीच. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, बाकीचं तिच्यातून निघतं.

कप्पीचं वर्तुळ नाण्याएवढं काढू नका, बांगडीएवढं काढा. त्यात कण्याचं छोटं वर्तुळ दिसलं पाहिजे आणि दोन्ही बाजूंना बाण काढायला जागा राहिली पाहिजे. वही नवी असते म्हणून मुलं कोपऱ्यात चिमुकली आकृती काढतात, आणि मग कण्याची प्रतिक्रिया मध्यातून जाते की बाजूने, हे त्यांना स्वतःलाच दिसत नाही.

आता कप्पीची हद्द ठरवा. मी नेहमी सांगतो, कप्पी आणि तिच्या खोबणीला टेकलेला दोराचा तुकडा मिळून एक वस्तू धरा. दोर जिथे खोबणी सोडून सरळ होतो तिथे दोन्हीकडे मनातल्या मनात कात्री लावा. कापलेल्या प्रत्येक टोकावर एक बाण, दोराच्या दिशेने, कप्पीपासून दूर. दोर फक्त ओढतो, ढकलत नाही, म्हणून ताणाचा बाण कधीच कप्पीच्या आत जाणार नाही. पोहऱ्याच्या बाजूला टी१, हाताच्या बाजूला टी२ लिहा. कुठला मोठा याची चिंता आत्ता करू नका.

या हद्दीचा मोठा फायदा असा, की दोर आणि खोबणी यांच्यातलं घर्षण हद्दीच्या आत राहिलं. आतलं बल आकृतीत काढायचं नसतं. त्यामुळे "टी१, टी२ आणि शिवाय खोबणीचं घर्षण" अशी तिहेरी आकृती काढायची वेळच येत नाही. ही चूक पेपरात फार दिसते. एक तर दोराचा तुकडा कप्पीत धरा आणि ताण दाखवा, किंवा दोर वेगळा काढा आणि कप्पीवर फक्त खोबणीचा रेटा व घर्षण दाखवा. दोन्ही एकदम केलं तर तेच बल दोनदा मोजलं जातं.

मग कप्पीचं स्वतःचं वजन, केंद्रातून सरळ खाली. ते नगण्य म्हटलं असेल तर सोडा.

उरला कणा. कप्पी कण्यावर टेकलेली आहे, म्हणून कणा तिला ढकलतो. ही प्रतिक्रिया किती आणि कुठल्या दिशेने, ते आधी सांगता येत नाही. बाकीच्या बाणांवरून ती निघते. कण्याचं घर्षण दाखवायच्या दोन रीती आहेत. सोपी रीत म्हणजे प्रतिक्रिया केंद्रातून काढायची आणि शेजारी फिरण्याच्या उलट दिशेने एक वाकडा बाण, घर्षणाचा टॉर्क (बलाचा फिरवणारा परिणाम, बल गुणिले केंद्रापासूनचं अंतर). गणितात टॉर्कचा आकडा दिला असेल तर हीच वापरा. दुसरी रीत मला जास्त आवडते, कारण तीत घर्षण करतं काय ते डोळ्यांना दिसतं.

प्रतिक्रिया केंद्रातून सरकते

रहाटाचं भोक कण्यापेक्षा किंचित मोठं असतं. रहाट स्थिर असताना भोकाची वरची कड कण्याच्या माथ्यावर टेकते. आता उजवीकडचा दोर खाली ओढा. रहाट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरू लागतो. टेकलेल्या जागी भोकाची कड उजवीकडे सरकू बघते, म्हणून कणा तिला डावीकडे घर्षण लावतो. टेकण्याची जागाही माथ्यावरून थोडी उजवीकडे जाते. लंब रेटा (टेकलेल्या जागी काटकोनात ढकलणारं बल) आणि घर्षण यांची बेरीज केली तर एकच बल मिळतं, सरळ वर जाणारं, पण केंद्रातून नव्हे. ते केंद्राच्या थोडं उजवीकडून, म्हणजे ओढणाऱ्या हाताच्या बाजूने जातं.

किती उजवीकडून? कण्याची त्रिज्या गुणिले घर्षण गुणांक (घर्षण भागिले लंब रेटा), साधारण एवढं. गुणांक लहान असेल तोवर हे चालतं. नेमकं हवं असेल तर गुणांकाऐवजी घर्षण कोनाचा (ज्याचा टॅन म्हणजे गुणांक) साइन घ्यायचा.

मोटेच्या चाकाची रचना याच्या उलट असते. तिथे कणा चाकात घट्ट बसवलेला असतो आणि तोच खांबांतल्या खाचांमध्ये फिरतो. टेकण्याची जागा कण्याच्या खालच्या अंगाला येते आणि घर्षणाचा बाण उजवीकडे होतो. पण हिशेब केला की प्रतिक्रिया सरकते तिकडेच, ओढणाऱ्या बाजूला. कसंही बसवा, घर्षण ओढणाऱ्याच्या विरुद्धच जातं.

आकडे घालून बघू. पोहरा पाण्यासकट १५ किलो, म्हणजे टी१ = १५० न्यूटन. पोहरा एकाच वेगाने वर येतोय. रहाट २ किलोचा, त्याचं वजन २० न्यूटन. रहाटाची त्रिज्या १०० मिलिमीटर, कण्याची १० मिलिमीटर, घर्षण गुणांक ०.२. तर प्रतिक्रिया केंद्रापासून १० × ०.२ = २ मिलिमीटर हाताच्या बाजूला सरकली.

आता त्या प्रतिक्रियेच्या रेषेभोवती टॉर्क घ्या. प्रतिक्रिया स्वतः हिशेबातून बाद झाली. हाताच्या ताणाची भुजा, म्हणजे त्या रेषेपासूनचं अंतर, १०० − २ = ९८ मिलिमीटर. पोहऱ्याची १०० + २ = १०२. रहाटाच्या वजनाची २.

टी२ × ९८ = १५० × १०२ + २० × २

टी२ = १५,३४० ÷ ९८ = १५६.५ न्यूटन

रहाट म्हणजे तराजूच. घर्षणाने तराजूचा काटा ओढणाऱ्याच्या बाजूला दोन मिलिमीटर सरकवला, त्याची दांडी तोकडी केली आणि पोहऱ्याची लांब केली. बस, एवढंच घडतं. ही आकृती एकदा मनात बसली की सूत्र पाठ करावं लागत नाही.

पोहरा हळूहळू खाली सोडताना रहाट उलट फिरतो, तेव्हा प्रतिक्रिया पोहऱ्याच्या बाजूला सरकते. भुजा उलट्या होतात:

टी२ × १०२ + २० × २ = १५० × ९८

टी२ = १४,६६० ÷ १०२ = १४३.७ न्यूटन

इथे थोडं थांबा. पोहरा अधांतरी नुसता धरून ठेवला असेल तर हातात ताण किती? वर्गात निम्मे जण १५०, उरलेले १५६.५ म्हणतात. खरं उत्तर असं, की १४३.७ ते १५६.५ यांमधला कुठलाही ताण चालतो. स्थितिक घर्षण गरजेपुरतंच लागतं, आणि दोन्हीकडे लागू शकतं. (स्थितिक गुणांक गतिज, म्हणजे सरकतानाच्या, गुणांकापेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून प्रत्यक्षात ही पट्टी आणखी थोडी रुंद असते.) म्हणून वस्तू स्थिर असेल तेव्हा घर्षणाच्या जागी थेट गुणांक गुणिले प्रतिक्रिया असं लिहू नका. ती कमाल मर्यादा आहे. सुटायच्या बेतात असेल किंवा प्रत्यक्ष सरकत असेल तेव्हाच ती गाठली जाते.

टेबल, ठोकळा आणि जड कप्पी

आता परीक्षेतलं नेहमीचं गणित, पण सवलती काढून घेतलेलं. टेबलावर ४ किलोचा ठोकळा, गतिज घर्षण गुणांक ०.२५, स्थितिक ०.३. दोरी टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून जाऊन ३ किलोचं वजन लटकतंय. कप्पी २ किलोची भरीव चकती, त्रिज्या ०.१ मीटर, कण्याचा घर्षण टॉर्क ०.२ न्यूटन-मीटर. ठोकळा डावीकडे, कप्पी उजवीकडे. दोर कप्पीवर घसरत नाही.

पहिला प्रश्न नेहमी हाच: हलतं तरी का? लटकतं वजन ३० न्यूटनने ओढतंय. अडवायला टेबलाचं घर्षण जास्तीत जास्त ०.३ × ४० = १२, आणि कण्याचा टॉर्क दोरावर ०.२ ÷ ०.१ = २ न्यूटनच्या बरोबरीचा. चौदाने तीस अडत नाही. हलणार, आणि लटकतं वजन खालीच जाणार. दिशा कळली, म्हणून आता सगळे घर्षणाचे बाण ठरले. हे न तपासता आकृती काढणारा विद्यार्थी उताराच्या गणितात हमखास फसतो. तिथे ठोकळा वर जाईल की खाली हे वजनं बघून ठरवावं लागतं, आणि दोन्हीकडे न जाता तो जागेवरच राहील हीसुद्धा शक्यता असते.

ठोकळ्याच्या आकृतीत चार बाण: वजन ४० खाली, टेबलाचा लंब रेटा ४० वर, टी१ उजवीकडे, घर्षण ०.२५ × ४० = १० डावीकडे. लटकत्या वजनाला दोनच: ३० खाली, टी२ वर. कप्पीला टी१ डावीकडे, कारण दोर कप्पीला ठोकळ्याकडे ओढतो, टी२ खाली, वजन २० खाली, कण्याची प्रतिक्रिया, आणि फिरण्याच्या उलट वाकडा बाण ०.२.

टी१ ठोकळ्यावर उजवीकडे आणि कप्पीवर डावीकडे, हे बघून मुलं बिचकतात. दोर दोन्ही टोकांना आतल्या बाजूला ओढतो. दोन आकृत्या शेजारी ठेवल्या की टी१ चे बाण एकमेकांकडे तोंड करून दिसले पाहिजेत. नसतील तर कुठेतरी चुकलंय.

प्रत्येक आकृतीचं एक समीकरण, त्वरण ए:

ठोकळा: टी१ − १० = ४ए

वजन: ३० − टी२ = ३ए

कप्पी: (टी२ − टी१) × ०.१ = जडत्व आघूर्ण × कोनीय त्वरण + ०.२

जडत्व आघूर्ण म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला वस्तूचा होणारा विरोध, आणि कोनीय त्वरण म्हणजे फिरण्याचा वेग बदलण्याचा दर. भरीव चकतीचं जडत्व आघूर्ण अर्धं वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, इथे ०.०१. दोर घसरत नाही म्हणून कोनीय त्वरण ए ÷ ०.१. सगळं ०.१ ने भागलं की कप्पीचं समीकरण होतं टी२ − टी१ = ए + २. तिन्हींची बेरीज करा, ताण उडून जातात: १८ = ८ए. ए = २.२५. त्यावरून टी१ = १० + ९ = १९ न्यूटन, टी२ = ३० − ६.७५ = २३.२५ न्यूटन.

आदर्श कप्पी धरली असती तर ए = २० ÷ ७, म्हणजे जवळपास २.८६ आलं असतं. फरक थोडाथोडका नाही.

ताणांमधला फरक ४.२५ न्यूटन. त्यातले २ कण्याने खाल्ले आणि २.२५ कप्पीला वेग द्यायला लागले. म्हणजे ताण वेगळे असायला दोन स्वतंत्र कारणं आहेत, कप्पीचं वस्तुमान आणि कण्याचं घर्षण. रहाटाच्या गणितात वेग एकसारखा होता म्हणून रहाटाच्या जडत्वाला काही लागलं नाही, फरक सगळा घर्षणाचा होता.

कण्यावर जोर किती? कप्पीचं केंद्र जागचं हलत नाही, म्हणून बलांची बेरीज शून्य. आडवी प्रतिक्रिया १९, उजवीकडे. उभी २३.२५ + २० = ४३.२५, वर. एकत्र साधारण ४७.२ न्यूटन, तिरकी. हा बाण आधीच सरळ उभा काढून ठेवला असता तर चुकला असता.

शेवटी एक तपासणी, जी पुस्तकात क्वचित करतात. "दोर घसरत नाही" हे गणितात म्हटलंय खरं, पण ते शक्य आहे का? त्यासाठी आधी तिसऱ्या जागेचं घर्षण नीट समजायला हवं.

दोर घसरतो तेव्हा

विहिरीत मोटर सोडताना बघितलंय का? चार माणसं आणि एक दोर, पण दोर कुणी नुसता हातात धरत नाही. काठच्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देतात आणि मागचं टोक एक माणूस सांभाळतो. त्याला फारसं बळ लागत नाही. वेढा हळूच सैल केला की मोटर इंचाइंचाने खाली जाते. झाड फिरत नाही, दोर सालीवरून घसरतो.

इथे झाडाचा फ्री बॉडी डायग्राम काढून काही हाती लागत नाही. दोराचाच काढायचा, तोही बोटाच्या पेराएवढ्या तुकड्याचा. त्याच्या एका टोकाला ताण टी. दुसऱ्या टोकाला त्याहून किंचित जास्त. मधे झाडाचा लंब रेटा, बुंध्यापासून बाहेरच्या दिशेने. आणि घर्षण, दोर जिकडे घसरतोय त्याच्या उलट. चार बाण, संपलं.

तुकडा थोडा वाकलेला आहे, म्हणून दोन्ही ताण किंचित आत झुकलेले असतात. त्यांचा आत जाणारा भाग मिळून ताण गुणिले त्या तुकड्याचा कोन इतका होतो, कोन रेडियनमध्ये. लंब रेटा तेवढाच. घर्षण त्याच्या गुणांकपट. म्हणजे प्रत्येक तुकड्यावर ताण वाढतो तो असलेल्या ताणाच्या ठरावीक हिश्शाने. सोसायटीतल्या कर्जासारखं चक्रवाढ चालतं, दर हप्त्याला आधीच्या रकमेवर व्याज. म्हणून शेवटी सूत्र येतं ते घाताचं:

मोठा ताण = लहान ताण × ई चा (म्यू × थीटा) घात

ई म्हणजे २.७१८, म्यू दोर आणि लाकूड यांचा घर्षण गुणांक, थीटा एकूण वेढ्याचा कोन रेडियनमध्ये. हे सूत्र लिओनार्ड ऑयलरच्या नावाने ओळखलं जातं. त्यात बुंध्याची जाडी कुठेच नाही. जाड झाड आणि बारीक खुंट, वेढे सारखे तर पकड सारखी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं, पण तुकड्याचे चार बाण पुन्हा पाहिले की त्यांत त्रिज्या येतच नाही हे दिसतं.

मोटर ६० किलोची, भार ६०० न्यूटन, म्यू ०.३ धरू. एक वेढा म्हणजे ६.२८ रेडियन. म्यू गुणिले थीटा १.८८, घात साधारण ६.६. मागच्या माणसाला लागतात ९१ न्यूटन. दोन वेढे दिले की घात होतो सुमारे ४३, आणि लागतात फक्त १४ न्यूटन, दीड किलोच्या पिशवीपेक्षाही कमी. दुसऱ्या वेढ्याने बळ निम्मं झालं नाही, आणखी ६.६ पटीने घटलं. पण तीच मोटर त्याच दोन वेढ्यांवरून वर ओढायला गेलात तर ६०० गुणिले ४३. तेव्हा वेढे काढून टाकावे लागतात. मोठा ताण नेहमी त्या बाजूला, जिकडे दोर घसरतोय. बाणाची दिशा चुकली तर उत्तर थोडंथोडकं नाही, शेकडो पटीने चुकतं.

गिरणीच्या पट्ट्यालाही हाच हिशेब लागतो, एक बाजू ताठ आणि एक सैल. पट्टा इंग्रजी व्ही आकाराच्या खोबणीत बसणारा असेल तर खोबणीच्या दोन्ही भिंती त्याला दाबतात. तेव्हा म्यूला खोबणीच्या अर्ध्या कोनाच्या साइनने भागायचं, पकड बरीच वाढते.

आता टेबलाच्या गणितातली राहिलेली तपासणी. टी२ ÷ टी१ = २३.२५ ÷ १९ = १.२२. दोर कप्पीला पाव वेढाच टेकतो, १.५७ रेडियन. दोर न घसरायला ई चा (म्यू × १.५७) घात किमान १.२२ हवा. त्यावरून म्यू किमान ०.१३ निघतो. साध्या सुती दोरीला तेवढी पकड सहज मिळते, म्हणून आपलं उत्तर टिकतं. कप्पीला ग्रीस सांडलेलं असतं तर मात्र दोर घसरला असता, आणि कप्पीचं समीकरण नव्याने लिहावं लागलं असतं.

हलती कप्पी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत चेन पुलीवर साचे उचलतात, त्यात वरची कप्पी स्थिर आणि खालची भाराबरोबर हलते. खालचीची आकृती सोपी आहे: दोन ताण वर, भार खाली. भार आणि कप्पी मिळून ३०० न्यूटन असेल तर आदर्श उत्तर दोन्हीकडे १५०. कण्याचं घर्षण धरलं की बेरीज ३०० च राहते पण वाटणी बदलते. रहाटातलेच आकडे घेतले (२ मिलिमीटर सरकणं, १०० मिलिमीटर त्रिज्या) आणि कप्पीचं स्वतःचं वजन भाराच्या मानाने सोडून दिलं, तर भार हळूहळू उचलताना ओढणाऱ्या बाजूला १५३ आणि दुसऱ्या बाजूला १४७. कप्प्या वाढत गेल्या की प्रत्येक कप्पीत ताण असा थोडा थोडा वाढत जातो, म्हणून सहा कप्प्यांनी सहापट फायदा प्रत्यक्षात कधी मिळत नाही. पुढे व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) कॉलेजात मेकॅनिक्स घ्याल तेव्हा यालाच कार्यक्षमता म्हणून भेटाल. तिथेही आकृती हीच.

घरच्या रहाटावर

हे सगळं घरी मोजून बघता येतं. प्रवासाची बॅग तोलायचा डिजिटल काटा बाजारात मिळतो. स्प्रिंगच्या काट्यापेक्षा तो बरा, कारण स्प्रिंगचा काटा उलटा धरला की त्याचं शून्य हलतं. जोडीला एक मोठं माणूस असू द्या. विहीर खोल असेल तर हा प्रयोग अंगणातल्या आंब्याच्या फांदीला कप्पी टांगून करा, विहिरीच्या काठावर वाकून काटा वाचायचा नाही.

पोहऱ्यात मोजून पाणी भरा, एकूण १५ किलो होईल असं. दोर हलका घ्या. काथ्याचा भिजलेला लांब दोर स्वतःच काही किलोचा होतो आणि हिशेब बिघडवतो. दोराच्या मोकळ्या टोकाला काटा अडकवा, सरळ खाली ओढा, आणि पोहरा एकाच संथ गतीने वर येत असताना आकडा वाचा. मग तसाच संथ खाली सोडा आणि पुन्हा वाचा. झटका दिला तर त्वरणाचा ताण मिसळतो, म्हणून तीन-चार वेळा करून मधला आकडा घ्या.

समजा वर येताना १७ किलो दिसलं, म्हणजे १७० न्यूटन, आणि रहाट आपल्या उदाहरणातलाच, २० न्यूटनचा. फरक २० न्यूटन. कण्यावरचा भार १५० + १७० + २० = ३४०. फरक भागिले भार ०.०५९, म्हणजे प्रतिक्रिया त्रिज्येच्या साधारण सहा टक्के सरकलीय. त्रिज्या १०० मिलिमीटर असेल तर जवळपास ६ मिलिमीटर. हाच आकडा वापरून खाली सोडतानाचा ताण काढा: १५० − टी२ = ०.०५९ × (१७० + टी२), यातून टी२ साधारण १३२ न्यूटन. काट्यावर १३.२ किलोच्या आसपास दिसायला हवं. दिसलं तर तुमची आकृती बरोबर आहे. त्याहून बरंच वेगळं आलं तर दोर रहाटाच्या कडेला घासतोय का, की तुम्ही तिरका ओढताय, ते आधी बघा.

मग कण्यावर चार थेंब तेल सोडा, रहाट पाच-सहा वेळा मोकळा फिरवा, आणि तीच दोन मापं पुन्हा घ्या.